गाडीत बदल केला, पॉलिसीत केला का?

पॉलिसी काढताना विमा कंपनीसमोर बहुतेक वेळा गाडी नसते, गाडीचं वर्णन असतं. कोणतं मॉडेल, कोणतं व्हेरियंट, किती सीसी, पेट्रोल की डिझेल की सीएनजी, कोणत्या साली पासिंग झालं आणि कुठे. या शेवटच्या मुद्द्यालाही किंमत आहे. जुन्या मोटार टॅरिफने, म्हणजे सगळ्या कंपन्यांना बंधनकारक असलेल्या दरपत्रकाने, मुंबई, पुणे, दिल्ली, हैदराबाद अशी आठ मोठी शहरं झोन ए मध्ये ठेवली आणि नागपूर झोन बी मध्ये. 1000 ते 1500 सीसीच्या, पाच वर्षांपर्यंतच्या खासगी कारला झोन ए मध्ये 3.283 टक्के दर होता, झोन बी मध्ये 3.191 टक्के. म्हणजे दहा लाख किमतीची तीच गाडी पुण्याच्या एमएच 12 ऐवजी नागपूरच्या एमएच 31 वर पास झाली, तर मूळ प्रीमियममध्ये 920 रुपयांचा फरक. 1 जानेवारी 2007 पासून कंपन्यांना दर ठरवायची मोकळीक मिळाली, आता त्या आपापल्या सवलती देतात, पण हिशेबाची पद्धत मोठ्या प्रमाणात तीच राहिली आहे.

वर्णन खरं आहे तोवर करार पक्का. आपण बाहेरून सीएनजी किट बसवलं, मोठे टायर टाकले, इंजिन ट्यून करून घेतलं, की कागदावरची गाडी आणि रस्त्यावरची गाडी यांत अंतर पडतं. क्लेमच्या वेळी सर्व्हेअर, म्हणजे नुकसानीची पाहणी करणारा माणूस, हेच अंतर बघायला येतो. विम्याच्या करारात एक जुनं तत्त्व आहे: जोखमीवर परिणाम करणारी प्रत्येक गोष्ट विमा घेणाऱ्याने स्वतःहून सांगायची, कंपनीने विचारो न विचारो. आपल्याकडे नेमका याच ठिकाणी घोळ होतो. गॅरेजमध्ये मिस्त्री सांगतो, ‘काही नाही होत भाऊ, कंपनीले काय समजते?’ एजंट म्हणतो, रिन्युअलला बघू. दोघांपैकी कोणीही क्लेमच्या दिवशी आपल्या बाजूला उभा नसतो.

उलट टोकाची भीतीही खरी नाही. सीट कव्हर बदललं, मॅट टाकली, मोबाईलचा होल्डर लावला म्हणून कुणाचा क्लेम जात नाही. कोणता बदल कुठे बसतो, एवढं कळलं की बाकीचं सोपं आहे.

आधी पॉलिसीचे दोन भाग वेगळे करू. थर्ड पार्टी विमा मोटार वाहन कायद्याच्या कलम 146 नुसार सक्तीचा आहे. तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर तो कामी येतो. त्याचे दर सरकार ठरवतं आणि खासगी कारसाठी ते मुख्यतः सीसीवर अवलंबून असतात. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांत 1000 सीसीपर्यंत 2094 रुपये, 1500 सीसीपर्यंत 3416 आणि त्यावर 7897, असे वर्षाचे आकडे आहेत. इंजिन ट्यून करून ताकद वाढवली तरी सीसी तेवढाच राहतो, त्यामुळे हा आकडा हलत नाही. दुसरा भाग ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा. तो गाडीच्या आयडीव्हीवर, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या किमतीवर ठरतो. मॉडिफिकेशनचा जवळजवळ सगळा खेळ या दुसऱ्या भागात आहे.

थर्ड पार्टीच्या बाबतीत एक गोष्ट मात्र प्रत्येकाने समजून घ्यावी. अपघातात रस्त्यावरचा माणूस जखमी झाला, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण त्याला भरपाई मिळेल हे बघतं. त्याला नकार देण्याची कंपनीची कारणं कायद्याने मोजकीच ठेवली आहेत. पण महत्त्वाची माहिती दडवून पॉलिसी घेतली होती, हे त्यातलं एक कारण आहे. अशा वादात न्यायालयं पुष्कळदा कंपनीला सांगतात, आधी पीडिताला पैसे द्या, मग गाडीमालकाकडून वसूल करा. यालाच ‘पे अँड रिकव्हर’ म्हणतात. भरपाईची रक्कम लाखांत जाते आणि वसुलीची नोटीस मालकाच्या घरी येते. ‘थर्ड पार्टी तर आहेच ना’ असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

गाडीत वस्तू वाढली, तर

सगळ्यात साधा प्रकार हा. मोठा स्क्रीन, ऍम्प्लिफायर, वूफर, अलॉय व्हील, रूफ कॅरियर. यांना कायद्याची फारशी आडकाठी नाही, पण पॉलिसीत त्यांचं नाव नसेल तर चोरी किंवा अपघातात त्यांचे पैसे मिळत नाहीत. गाडीच्या कारखान्यातूनच बसून आलेल्या वस्तू गाडीच्या किमतीत, म्हणजे आयडीव्हीत धरलेल्या असतात. शोरूमने वेगळं बिल करून दिलेल्या ऍक्सेसरीज त्यात आपोआप येतात असं समजू नका, पॉलिसीवर त्यांची वेगळी ओळ आहे का ते बघा.

प्रीमियमचा हिशेब दोन प्रकारे होतो. विजेवर न चालणाऱ्या वस्तूंची किंमत सरळ गाडीच्या किमतीत मिळवतात आणि गाडीचाच दर लावतात. विजेवर चालणाऱ्या वस्तूंना टॅरिफनुसार किमतीच्या 4 टक्के. 45,000 रुपयांची म्युझिक सिस्टिम बसवली असेल तर 1800 रुपये, वर 18 टक्के जीएसटी धरून 2124. वर्षाला एवढे पैसे भरणं परवडतं की नाही हा ज्याचा त्याचा निर्णय आहे. जुन्या, आठ-दहा हजारांच्या सिस्टिमसाठी मी ते भरणार नाही. नवी, महागडी सिस्टिम असेल आणि गाडी रात्रभर रस्त्यावर उभी राहत असेल, तर नक्की भरेन. बिल जपून ठेवा, कारण किमतीचा तोच पुरावा असतो. ‘झिरो डेप’, म्हणजे घसारा न कापण्याचं जादा कव्हर, घेतलं असेल तर त्यात बाहेरून बसवलेल्या वस्तू येतात का, हे लेखी विचारा, कारण मूळ पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर सरसकट 50 टक्के घसारा कापला जातो.

चोरीपासून वाचवणारं, एआरएआय या वाहन तपासणाऱ्या संस्थेची मान्यता असलेलं यंत्र बसवलं तर ओन डॅमेज प्रीमियममध्ये अडीच टक्के सवलत आहे, पण जास्तीत जास्त 500 रुपयांची. याहून कितीतरी मोठी सवलत लोकांना माहीतच नसते: दिव्यांग व्यक्तीसाठी खास बदल करून घेतलेल्या आणि आरसीवर तशी नोंद असलेल्या गाडीला टॅरिफने ओन डॅमेज प्रीमियममध्ये 50 टक्के सूट ठेवली होती. हाताने चालवायचा ब्रेक-ऍक्सिलरेटर बसवलेल्या गाडीच्या मालकाने रिन्युअलच्या वेळी ही सूट तोंडाने मागावी. ऑनलाइन फॉर्मवर ती सहसा दिसत नाही.

सीएनजी किट

नागपूरकरांना सगळ्यात जास्त लागू पडणारा बदल हाच, म्हणून इथे जरा थांबू.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीत असा बदल करता येत नाही, ज्याने आरसीवरची माहिती मूळ उत्पादकाने दिलेल्या माहितीपेक्षा वेगळी होईल. 9 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हेच कडकपणे सांगितलं आणि गाड्यांच्या रचनेत फेरबदल करायला उच्च न्यायालयाने दिलेली मोकळीक रद्द केली. इंधन बदलणारं मान्यताप्राप्त किट हा मात्र या कलमातलाच अपवाद आहे. 2022 मध्ये केंद्र सरकारने बीएस-6 पेट्रोल गाड्यांनाही असं किट बसवायला वाट करून दिली. म्हणजे सीएनजी किट पूर्ण कायदेशीर आहे. अट एवढीच की किटला तुमच्या गाडीच्या प्रकारासाठी मान्यता असावी, बसवणारा अधिकृत असावा आणि नंतर आरसीवर इंधनाची नोंद बदलून घ्यावी. शहरातली एमएच 31 असो, पूर्व नागपूरची एमएच 49 असो की ग्रामीणची एमएच 40, ज्या आरटीओत गाडीची नोंद आहे तिथे किटचं बिल, मान्यतेचं प्रमाणपत्र आणि विम्याची प्रत लागते. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमतीही.

लोक इथवर येतात आणि थांबतात. आरसी झाली म्हणजे काम झालं असं वाटतं. आरसी बदलल्याने पॉलिसी आपोआप बदलत नाही. विमा कंपनीला नवी आरसी आणि बिल पाठवून पॉलिसीत नोंद, म्हणजे एन्डॉर्समेंट, करून घ्यावी लागते, आणि वर्ष संपायची वाट न बघता ती मधेच होते. खर्च किती? किट 60,000 रुपयांचं असेल तर 4 टक्क्यांनी 2400, थर्ड पार्टीत 60, वर जीएसटी, असे साधारण 2900 रुपये वर्षाला. किटची किंमत वेगळी सांगता येत नसेल तर टॅरिफमध्ये ओन डॅमेज प्रीमियमच्या 5 टक्के वाढ आहे. वर्ष अर्धं सरलं असेल तर उरलेल्या महिन्यांपुरतीच रक्कम घेतात.

हे 2900 वाचवण्यात काय जातं ते बघा. सीएनजीची गळती होऊन गाडी पेटली आणि पॉलिसीवर इंधन ‘पेट्रोल’ लिहिलेलं असेल, तर कंपनीला नकार द्यायला यापेक्षा सरळ कारण सापडत नाही. दडवलेली गोष्ट आणि झालेलं नुकसान यांचा थेट संबंध आहे, त्यामुळे ग्राहक आयोगातही बाजू लंगडी पडते. सात-आठ लाखांची गाडी, वर कर्जाचे हप्ते चालूच. मला कळकळीने सांगावंसं वाटतं की सगळ्या बदलांमध्ये एकच गोष्ट कागदावर आणायची असेल, तर ही आणा.

सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी, दर तीन वर्षांनी करायची असते, तेही याच ओघात. मुदत संपलेलं सिलिंडर घेऊन फिरणं जिवावरचं आहेच, शिवाय पॉलिसीत ‘गाडी सुस्थितीत ठेवण्यासाठी वाजवी काळजी घेणं’ ही अट असते आणि टेस्टची तारीख सिलिंडरच्या प्लेटवर सर्व्हेअरला दिसते.

वायरिंग, पाणी आणि इंजिन

आगीचं दुसरं कारण वायरिंग. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो, बॉनेटखालचं तापमान त्याहून किती वर असेल कल्पना करा. अशा उष्णतेत मूळ वायर कापून, टेप गुंडाळून जास्त वॅटचे हेडलॅम्प, फॉग लॅम्प आणि ऍम्प्लिफायर जोडलेले असतात. फ्यूजची क्षमता मूळ भाराची असते, किंवा तो वारंवार उडतो म्हणून जाडा फ्यूज घातलेला असतो. मग वायर तापते, वेष्टण वितळतं आणि शॉर्ट सर्किट होतं. आग हा पॉलिसीत समाविष्ट असलेला धोका आहे, पण नुसता विजेचा बिघाड नाही. शिवाय आगीचं मूळ कापलेल्या वायरीत सापडलं तर कंपनी वाजवी काळजीच्या अटीवर बोट ठेवते. म्हणून वायर न कापता बसणारं कपलर आणि स्वतंत्र रिले-फ्यूज असलेलं हार्नेसच वापरा. वायर कापल्याने शोरूमची वॉरंटी जाते तो विषय आणखी वेगळा. वॉरंटी गाडी बनवणाऱ्याशी असते, विमा वेगळ्या कंपनीशी. एक टिकली म्हणून दुसरी टिकेल असं नाही.

आता पाणी. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट भागात घरांच्या पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. पुराने झालेलं नुकसान ओन डॅमेज पॉलिसीत येतं. फक्त थर्ड पार्टी असेल तर काहीच मिळत नाही. पण इंजिनाचा नियम निराळा आहे. पाण्यात बुडालेली किंवा पाण्यात बंद पडलेली गाडी सुरू करायचा प्रयत्न केला, की सिलिंडरमध्ये पाणी शिरतं. पाणी दाबलं जात नाही, म्हणून कनेक्टिंग रॉड वाकतो. कंपन्या याला पुराचं थेट नुकसान न मानता नंतर ओढवून घेतलेलं नुकसान मानतात आणि इंजिन प्रोटेक्ट हे वेगळं कव्हर नसेल तर नाकारतात. यात मॉडिफिकेशन कुठे आलं? हवा घेण्याची मूळ नळी उत्पादकाने विचार करून उंचावर ठेवलेली असते. आवाज आणि पिकअप वाढवायला जो ‘कोल्ड एअर इनटेक’ बसवतात, त्याचा फिल्टर काही वेळा बंपरच्या मागे, खाली येतो. एरवी जिथून गाडी सहज गेली असती, त्या पाण्यात ती बंद पडते. अशा गाडीला इंजिन प्रोटेक्ट असूनही सर्व्हेअर प्रश्न विचारणार, आणि त्याचा प्रश्न रास्त असेल. डिक्कीतला वूफर आणि सीटखालचा ऍम्प्लिफायर भिजले, तर पॉलिसीत नाव असेल तरच त्यांचे पैसे.

इंजिन रीमॅपबद्दल थोडक्यात. सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवली तर बाहेरून काही दिसत नाही, म्हणून कुणाला कळणार नाही असं सांगतात. मोठ्या अपघातानंतर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये लॅपटॉप जोडला, की मूळ प्रोग्राम बदललाय हे बऱ्याच गाड्यांत कळू शकतं. कंपनीला आधी कळवलं तर ती जादा प्रीमियम मागेल किंवा विमा द्यायलाच नकार देईल. आपल्याकडे अशा गाड्यांसाठी वेगळ्या पॉलिसीचा बाजार जवळपास नाही. रेस किंवा वेगाची चाचणी चालू असताना झालेलं नुकसान तर सगळ्याच पॉलिसींमधून वगळलेलं असतं.

टायर आणि अलॉयला सोपा निकष लावा: त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला उत्पादकाने जो साइज दिलाय, तिथपर्यंत ठीक. त्यापुढे टायर फेंडरला घासतो, स्पीडोमीटर खरा वेग दाखवत नाही, ब्रेकचं अंतर बदलतं. समृद्धी महामार्गावर ताशी 120 किलोमीटरने तासन्‌तास चालताना टायरवरचा वेगाचा आणि भाराचा निर्देशांक मूळ टायरपेक्षा कमी असेल, तर विम्याआधी जिवाचा विचार करावा.

जे करूच नये

पेंच-ताडोबाकडे जाणाऱ्या एसयूव्हींना पुढे लोखंडी गार्ड लावायची हौस असते. रानडुक्कर, नीलगाय आडवी येते हे खरं आहे. पण धडक बसल्यावर बंपर आणि त्यामागचा भाग चेपून झटका शोषला जावा, आणि सेन्सरने तो झटका ओळखून एअरबॅग उघडावी, अशी गाडीची रचना असते. चॅसिसला थेट बोल्ट केलेला गार्ड हे गणित बिघडवतो. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना अशा गार्डविरुद्ध कारवाई करायला सांगितलं होतं. पायी चालणाऱ्याला धडक बसली तर त्याला होणारी इजाही गार्डमुळे वाढते, आणि दाव्यात ही गोष्ट निघाल्याशिवाय राहत नाही.

काचेची काळी फिल्म, कर्णकर्कश सायलेन्सर, प्रेशर हॉर्न यांचा क्लेमशी थेट संबंध कमी, दंडाशी जास्त. समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के प्रकाश आत यायला हवा. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला 2019 च्या दुरुस्तीने आणलेल्या कलम 182ए नुसार दर बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. रंग बदलायचा असेल तर आधी आरटीओची परवानगी घ्या, कारण रंगही आरसीवर असतो. चोरी झालेली पांढरी गाडी कागदावर लाल असेल तर पोलिसांची तक्रार आणि क्लेम दोन्ही अडकतात.

क्लेम नाकारला, तर

बदल कळवला नव्हता, पण अपघाताशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता, अशी वेळ अनेकांवर येते. वर्धा रोडवर सिग्नलला उभ्या गाडीला मागून ट्रकने ठोकलं आणि कंपनी पुढच्या अलॉय व्हीलकडे बोट दाखवून पूर्ण क्लेम फेटाळत असेल, तर ते मुकाट्याने मान्य करू नका. खासगी गाडी भाड्याने दिल्याच्या एका प्रकरणात, म्हणजे पॉलिसीची अट उघड मोडलेली असताना, सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये संपूर्ण नकार चुकीचा ठरवला आणि ‘नॉन-स्टँडर्ड’ पद्धतीने, मान्य रकमेच्या 75 टक्क्यांपर्यंत, क्लेम देता येतो असं सांगितलं. हे प्रत्येक प्रकरणाला आपोआप लागू होत नाही. बदलामुळेच नुकसान झालं असेल तर याचा आधार फारसा मिळणार नाही. पण संबंध नसेल तिथे हा मुद्दा लेखी मांडायलाच हवा.

मांडायचा कुठे? नकाराचं कारण कंपनीकडून लेखी घ्या, त्यात पॉलिसीची कोणती अट मोडली हे नेमकं लिहिलेलं असावं. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागा. मग कंपनीच्या तक्रार विभागाकडे अर्ज करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत जाता येतं. 50 लाखांपर्यंतच्या दाव्यांसाठी ही सोय विनाशुल्क आहे आणि वकील लागत नाही. विदर्भ पुण्याच्या लोकपाल कार्यालयाकडे येतो, तक्रार ऑनलाइन करता येते, त्यामुळे अर्ज करायला पुण्याला जावं लागत नाही. ग्राहक आयोगाचा मार्ग वेगळा आहे आणि जिल्हा आयोग नागपुरातच आहे.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी एक जास्तीची खबरदारी आहे, कारण आधीच्या मालकाने केलेले बदल आता तुमच्या नावावर येतात. गाडी बघताना डिक्कीत सिलिंडर असेल तर आरसीवर इंधन काय लिहिलंय ते तिथेच तपासा, किटचं बिल, मान्यतेचं प्रमाणपत्र आणि हायड्रो टेस्टचा कागद ताब्यात घ्या. बॉनेट उघडून बॅटरीवरून निघालेल्या जादा वायरी कुठे जातात ते मिस्त्रीला बघायला सांगा. गाडी नावावर झाल्यापासून 14 दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी स्वतःच्या नावे करून घ्यायची असते. त्याच अर्जात गाडीत बसवलेल्या सगळ्या वस्तूंची यादी किमतीसह जोडा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.